लांडगा, मेंढी आणि कंट्रोल सिस्टिम

'कंट्रोल' हा शब्द आपल्या कॉलेजात दोनच अर्थांनी चालतो. एक म्हणजे तो पेपर, ज्यात दरवर्षी भल्याभल्यांना केटी लागते. दुसरा म्हणजे रात्री अकरानंतर कॉरिडॉरमध्ये ऐकू येणारं रेक्टर मॅडमचं "आवाजावर जरा कंट्रोल ठेवा गं मुलींनो!" आज मी तिसऱ्याच अर्थाबद्दल लिहिणार आहे. अमेरिकेत केंद्र सरकारचं एक खातं आहे. त्याच्या एका मोठ्या कामाला शंभराहून जास्त वर्षं 'प्रिडेटर कंट्रोल' असं म्हणतात. लांडगे, कायोटी, अस्वलं, माउंटन लायन अशा शिकारी प्राण्यांचा सरकारी खर्चाने केलेला बंदोबस्त. बंदोबस्त म्हणजे काय, हे वेगळं सांगायला नको.

मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. त्यामुळे 'प्रिडेटर'ला मराठीत काय म्हणायचं, हे आजीला फोन करून विचारलं. ती म्हणाली, "हिंस्र श्वापद म्हण." आणि लगेच स्वतःच म्हणाली, "पण हिंस्र तरी कसं म्हणायचं, पोटासाठीच मारतात ना बिचारी!" म्हणून मी या लेखात साधं 'शिकारी प्राणी' असंच लिहिणार आहे.

आता मुद्द्याचा प्रश्न. मेंढ्या खाणाऱ्या लांडग्याला मारावं की नाही, यावर वाद होऊ शकतो, आणि तो व्हायलाही हवा. पण जे रान कायद्यानेच 'इथे माणसाने ढवळाढवळ करायची नाही' म्हणून बाजूला काढून ठेवलंय, तिथे जाऊनसुद्धा सरकारने लांडगे मारायचे का? अमेरिकेत यावर कोर्टकचेऱ्या झाल्या आहेत. मला हा प्रश्न इंटरेस्टिंग वाटला, कारण जरा खोलात गेल्यावर लक्षात आलं की हा अर्धा प्राणीशास्त्राचा आणि अर्धा आपल्या कंट्रोलच्या सिलॅबसचा प्रश्न आहे!

सव्वा लाख डॉलर्सपासून सुरुवात

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अमेरिकेच्या पश्चिम भागात बायसन आणि हरणांची बेसुमार शिकार झाली, आणि त्यांच्या जागी लाखो गाई-मेंढ्या आल्या. लांडग्याचं नेहमीचं जेवण संपलं आणि नवीन जेवण दारात आलं. मग तो मेंढ्यांवर गेला यात नवल ते काय? आधी रँचवाले स्वतःच प्रत्येक लांडग्यामागे बक्षीस देत. पुढे त्यांनी सरकारकडे मागणी लावून धरली, आणि १९१५ मध्ये अमेरिकन काँग्रेसने 'ब्युरो ऑफ बायॉलॉजिकल सर्व्हे' या खात्याला या कामासाठी सव्वा लाख डॉलर्स मंजूर केले. तिथून सरकारी पगारावरचे शिकारी सुरू झाले.

ही मोहीम किती कसून चालली बघा. यलोस्टोन हे १८७२ मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय उद्यान. म्हणजे प्राण्यांना तिथे तरी अभय असायला हवं. पण १९१४ ते १९२६ या काळात खुद्द उद्यानाच्या हद्दीत किमान १३६ लांडगे मारले गेले. १९२६ मध्ये सापळ्यात सापडलेली दोन पिल्लं ही तिथल्या लांडग्यांची शेवटची नोंद. पुढे जवळजवळ सत्तर वर्षं यलोस्टोन लांडग्यांविना होतं.

१९३१ मध्ये या कामासाठी स्वतंत्र कायदाच झाला. हे खातं नंतर शेती मंत्रालयाकडून अंतर्गत मंत्रालयाकडे गेलं, ऐंशीच्या दशकात परत शेती मंत्रालयाकडे आलं आणि १९९७ मध्ये त्याचं नाव झालं 'वाइल्डलाइफ सर्व्हिसेस'. नाव ऐकून वाटतं की प्राण्यांना दाणापाणी देत असतील! खरं तर या खात्याची बरीच कामं उपयोगाची आहेत. विमानतळावर पक्षी विमानाला धडकू नयेत म्हणून ते झटतात, रानटी प्राण्यांना रेबीजची लस खाण्यातून देतात. पण २०२१ या एका वर्षात त्यांनी सुमारे साडेसतरा लाख प्राणी-पक्षी मारले. त्यात बाहेरून आलेल्या स्टार्लिंगसारख्या उपद्रवी पक्ष्यांचा वाटा फार मोठा होता, हे सांगायला हवं. पण त्यात ६४ हजारांवर कायोटी आणि ३२४ लांडगेही होते. (कायोटी म्हणजे आपला कोल्हा आणि लांडगा यांच्या मधल्या अंगाचा प्राणी.)

मारायच्या पद्धती म्हणजे सापळे, गळफास, विमानातून किंवा हेलिकॉप्टरमधून गोळीबार आणि विष. 'एम-४४' नावाचं त्यांचं एक यंत्र आहे. जमिनीत ठोकलेली एक नळी, आत ताणलेली स्प्रिंग, वर वासाचं आमिष. प्राण्याने ते तोंडात धरून ओढलं की स्प्रिंग सुटते आणि सोडियम सायनाइडची भुकटी थेट त्याच्या तोंडात उडते. तिथल्या ओलाव्याने हायड्रोजन सायनाइड तयार होतो आणि खेळ खलास. मेकॅनिझम म्हणून साधं आणि 'रिलायबल'. अडचण एवढीच की ओढणारा कोण आहे, हे त्या स्प्रिंगला कळत नाही. मार्च २०१७ मध्ये आयडाहो राज्यातल्या पोकाटेलो गावाजवळ चौदा वर्षांचा एक मुलगा घरामागच्या टेकडीवर कुत्र्याला फिरवत होता. हे काय आहे म्हणून त्याने हात लावला. मुलगा वाचला, कुत्रा त्याच्या डोळ्यांसमोर मेला. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये, अमेरिकेतली सर्वांत जास्त सरकारी जमीन ज्या विभागाकडे आहे, त्याने आपल्या जमिनींवर एम-४४ चा वापर थांबवल्याचं जाहीर केलं.

पायबंद नसलेलं रान

आता या गोष्टीतलं दुसरं पात्र, 'वाइल्डरनेस'. आपल्याकडे अभयारण्य आणि राष्ट्रीय उद्यान हे शब्द आहेत, पण वाइल्डरनेस म्हणजे त्याहून कडक काहीतरी. याची सुरुवात आल्डो लिओपोल्ड नावाच्या वनाधिकाऱ्यापासून होते. १९०९ मध्ये तो ॲरिझोनात वनसेवेत लागला. तरुणपणी त्याने स्वतः लांडगे मारले. लांडगे कमी तर हरणं जास्त, हे त्या काळचं सरळ गणित. पुढे त्याने लांडगे संपलेले डोंगर पाहिले. हरणं इतकी वाढली की त्यांनी झाडोरा खरवडून खाल्ला आणि मग उपासमारीने तीच मेली. त्याचं मत पार बदललं, आणि त्याने ते लिहूनही ठेवलं. त्याच्याच प्रस्तावावरून १९२४ मध्ये न्यू मेक्सिकोतलं गिला हे जगातलं पहिलं अधिकृत वाइल्डरनेस झालं.

३ सप्टेंबर १९६४ रोजी राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी वाइल्डरनेस कायद्यावर सही केली. हा कायदा हॉवर्ड झानायझर यांनी लिहिला, आणि सहीच्या चारच महिने आधी ते वारले. सुरुवातीला ९१ लाख एकर जमीन या कायद्याखाली आली. आज ती ११ कोटी एकरांवर आहे, म्हणजे जवळजवळ दीड महाराष्ट्र! त्यातली निम्मी अलास्कात आहे. इथे रस्ता नाही, गाडी नाही, विमान उतरवणं सर्वसाधारणपणे मना. सायकलसुद्धा नाही. पायवाटेवर झाड पडलं तर वनखात्याची माणसं ते मोटरच्या करवतीने न कापता, दोघांनी दोन बाजूंनी धरायच्या जुन्या करवतीने कापतात.

या कायद्याच्या व्याख्येत एक शब्द आहे, 'अनट्रॅमल्ड'. 'ट्रॅमल' म्हणजे घोडा लांब पळू नये म्हणून त्याच्या पायांना बांधायची दोरी. मराठीत याला नेमका शब्द आहे, पायबंद! म्हणजे वाइल्डरनेस म्हणजे जिथल्या जीवसृष्टीला माणसाने पायबंद घातलेला नाही अशी जागा. इंग्रजीत तो शब्द मी शंभर वेळा वाचला असता तरी कळला नसता, मराठीत आणल्यावर एका फटक्यात कळला.

पण कायदे पास करायचे तर तडजोडी आल्याच. जिथे आधीपासून गुरं-मेंढ्या चरत होत्या, तिथे ती चराई पुढेही चालू राहील, असं कलम याच कायद्यात आहे. सगळी गोम इथे आहे. उन्हाळ्यात मेंढ्यांचे कळप रानात चढतात. तिथे राहणारा लांडगा किंवा कायोटी त्यातली एखादी उचलतो. मालक सरकारला फोन करतो आणि सरकार बंदूक घेऊन येतं. गंमत म्हणजे मेंढी पाहुणी, लांडगा घरचा, आणि घराबाहेर काढायचं ते घरच्याला! या चराईचं भाडंही नाममात्र आहे. २०२५ मध्ये केंद्र सरकारच्या जमिनीवर एका गाय-वासराचा किंवा पाच मेंढ्यांचा महिन्याचा दर होता १.३५ डॉलर. आपल्याकडे कटिंग चहाच्या हिशोबाने महाग वाटेल, पण अमेरिकेत एवढ्यात धड कॉफीही येत नाही.

ओपन लूप, क्लोज्ड लूप आणि हॉस्टेलची टाकी

आता आपल्या सिलॅबसकडे वळू. ज्यांची ब्रँच वेगळी आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. समजा हॉस्टेलच्या टाकीत पाणी भरायचंय. वॉचमनकाका रोज सकाळी घड्याळ बघून तासभर पंप चालू ठेवतात. टाकीत आधी किती पाणी होतं, ते बघत नाहीत. हा झाला ओपन लूप. परिणाम आपल्याला माहीतच आहे. सुट्टीत टाकी वाहते आणि सबमिशनच्या आठवड्यात अंघोळीला पाणी नसतं. त्याऐवजी टाकीत बॉलकॉक बसवला तर पाण्याची पातळी तो स्वतः 'बघतो' आणि ठरलेल्या रेषेला नळ बंद करतो. ती रेषा म्हणजे सेट पॉइंट, बघणं म्हणजे फीडबॅक, आणि हा झाला क्लोज्ड लूप.

प्रिडेटर कंट्रोलमध्ये कंट्रोल करायचं आहे ते नेमकं काय? मेंढपाळाचं नुकसान. म्हणजे मोजायचं तेही नुकसानच. पण या खात्याचे वार्षिक तक्ते बघा. कुठल्या राज्यात, कुठल्या पद्धतीने, कुठला प्राणी किती मारला, याचे रकानेच्या रकाने. मारल्यामुळे त्या भागातलं नुकसान पुढच्या वर्षी किती घटलं, हे त्यातून कळत नाही. पंप किती तास चालला हे नीट लिहिलंय, टाकी भरली का ते लिहिलेलं नाही!

आणि यातली खरी मजा पुढे आहे. सरकार जरी ओपन लूपमध्ये काम करत असलं, तरी कायोटी मात्र क्लोज्ड लूपमध्ये आहे. कायोटीच्या स्थिर टोळीत साधारणपणे एकच जोडी वितात. बाकीच्या माद्या थांबून असतात. त्या जोडीला मारलं की टोळी फुटते आणि थांबलेल्या माद्याही विऊ लागतात. तोंडं कमी झाल्यामुळे वाट्याला खाणं जास्त येतं, मग पिल्लं जास्त होतात आणि जास्त जगतात. रिकाम्या जागेत शेजारचे तरुण कायोटी येतात ते वेगळंच. म्हणजे संख्या कमी केली की ती परत वर ढकलणारी यंत्रणा त्या प्राण्यात आधीच बसवलेली आहे. आपण जिला 'डिस्टर्बन्स रिजेक्शन' म्हणतो ना, तेच! १९७५ मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठातल्या कॉनली आणि लाँगहर्स्ट यांनी याचं कॉम्प्युटरवर सिम्युलेशन केलं होतं. त्यांच्या मॉडेलप्रमाणे दरवर्षी ७५ टक्के कायोटी मारत राहिलं, तरी ते संपायला पन्नास वर्षांहून जास्त काळ लागेल. प्रत्यक्षात काय झालं? पश्चिमेकडच्या माळरानांवरचा हा प्राणी आज हवाई सोडून अमेरिकेच्या प्रत्येक राज्यात पोचला आहे. याचं एक कारण असं की त्याला दाबून ठेवणारा लांडगा सरकारने आधीच संपवला होता.

लांडग्याचं मात्र असं नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं. विष आणि पैसा पुरेसा ओतला तर लांडगा संपतो, हे १९२६ पर्यंत सिद्ध झालंच होतं. थोडक्यात, एकाच 'कंट्रोल'ने एक प्राणी नाहीसा झाला आणि दुसरा देशभर पसरला. कंट्रोलरचं डिझाइन चुकलंय हे समजायला याहून मोठा पुरावा कुठला?

हे तिथल्या सरकारला कुणी सांगितलं नाही असंही नाही. १९६४ मध्येच, म्हणजे वाइल्डरनेस कायद्याच्या वर्षीच, सरकारने नेमलेल्या समितीने अहवाल दिला की हा कार्यक्रम गरजेच्या कितीतरी बाहेर गेला आहे. समितीचा अध्यक्ष होता स्टार्कर लिओपोल्ड, आल्डोचा मुलगा! बापाने तरुणपणी लांडगे मारले आणि मुलाने त्याचा ताळेबंद मांडला. १९७२ मध्ये राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी केंद्र सरकारच्या जमिनींवर विषावर बंदी घातली. १९७५-७६ मध्ये सायनाइडपुरती ती सैल झाली आणि १९८२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रेगन यांनी तो आदेशच रद्द केला. लूप बंद व्हायला आला की कुणीतरी येऊन वायर काढतं, तसा प्रकार.

आणले कुणी, मारले कुणी?

आता एका ठरावीक रानाकडे जाऊ. आयडाहो राज्यात 'फ्रँक चर्च-रिव्हर ऑफ नो रिटर्न' नावाचं वाइल्डरनेस आहे. १९८० मध्ये ते जाहीर झालं. क्षेत्रफळ साधारण साडेनऊ हजार चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या सातारा जिल्ह्यापेक्षा थोडंसंच कमी. कल्पना करा, अख्खा सातारा जिल्हा आणि त्यात गाडीरस्ता नाही!

१९९५ आणि १९९६ मध्ये केंद्र सरकारने कॅनडातून लांडगे आणले. ३१ यलोस्टोनमध्ये सोडले आणि ३५ मध्य आयडाहोच्या या रानात. सत्तर वर्षांपूर्वी सरकारने पैसे देऊन संपवलेला प्राणी सरकारनेच पैसे देऊन परत आणला. लांडगे रुळले, वाढले. २०११ मध्ये काँग्रेसने आयडाहो आणि माँटाना इथल्या लांडग्यांचं केंद्रीय संरक्षण काढून घेतलं आणि कारभार राज्यांकडे गेला.

२०१३ च्या डिसेंबरमध्ये आयडाहो राज्याच्या शिकार खात्याने एक पगारी शिकारी याच रानात पाठवला. लांडग्यांच्या दोन अख्ख्या टोळ्या संपवणं हे त्याचं काम. मुक्काम होता सरकारी केबिनमध्ये. नऊ लांडगे मारून झाले, तोवर संस्था कोर्टात गेल्या आणि जानेवारी २०१४ मध्ये मोहीम थांबली. आणि इथे तर मेंढीचाही प्रश्न नव्हता! कारण होतं एल्क. म्हणजे सांबराचा मोठा भाऊ म्हणावा असं हरीण. त्याची संख्या राज्याला वाढवायची होती, कारण शिकारीचं लायसन्स काढून येणाऱ्या माणसांना एल्क हवे असतात. म्हणजे लांडग्याने खाल्लेला एल्क हे 'नुकसान' आणि माणसाने मारलेला एल्क हे 'उत्पन्न'.

दोन वर्षांनी आणखी एक प्रकार झाला. जानेवारी २०१६ मध्ये याच खात्याने एल्कच्या गळ्यात रेडिओ कॉलर घालायला या रानात शंभराहून जास्त वेळा हेलिकॉप्टर उतरवलं. परवानगी फक्त एल्कची होती, पण चार लांडग्यांनाही कॉलर लागली. गैरसमजातून झालं, असं खात्याने सांगितलं. जानेवारी २०१७ मध्ये फेडरल न्यायाधीशांनी वनसेवेने दिलेली ती परवानगीच बेकायदेशीर ठरवली आणि त्या कॉलरमधून मिळालेला डेटा नष्ट करायचा आदेश दिला. डेटा नष्ट! हे वाचून माझ्यातला इंजिनिअर कळवळला. प्रोजेक्टच्या रीडिंग्जचं एक पान हरवलं तर आमच्या पोटात गोळा येतो. पण विचार केल्यावर पटलं. त्या रीडिंग्ज लांडगे कुठे आहेत हे सांगणार होत्या, आणि ते कळल्यावर पुढे काय होणार होतं हे उघड होतं. कधीकधी सेन्सर कुठे बसवायचा नाही, हेही ठरवावं लागतं.

यानंतर २०१६ मध्ये नेवाडात आणि २०२० मध्ये आयडाहोत वाइल्डलाइफ सर्व्हिसेसने कोर्टातल्या तडजोडींत मान्य केलं, की पर्यावरणीय परिणामांचा नवा अभ्यास होईपर्यंत वाइल्डरनेसमधली मारणी थांबवू. पण वारं दोन्ही बाजूंनी वाहतं. मे २०२१ मध्ये आयडाहोत असा कायदा झाला की राज्यातले लांडगे मारण्यासाठी खाजगी कंत्राटदार नेमता येतात. लांडग्यांची संख्या ९० टक्क्यांपर्यंत घटू शकेल, अशी चर्चा त्या वेळी झाली.

मेंढपाळाचं काय?

माझ्या ब्रँचमधला एक मित्र जुन्नरकडचा आहे. लेखाचा विषय ऐकून तो म्हणाला, "तुम्हा शहरातल्या लोकांना लांडगे-बिबटे आवडतात, कारण ते तुमच्या गोठ्यात येत नाहीत. रात्री उसाला दारं धरायला ये एकदा, मग लिही." (दारं धरणं म्हणजे पाटाचं पाणी एकेका सरीत वळवणं. लाइट रात्रीची असते, म्हणून हे काम अंधारात चालतं.) त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही, आणि खोडायचंही नाही.

अमेरिकन सरकारचे आकडेही मेंढपाळाची बाजू दाखवतात. २०१४ मध्ये तिथे मेलेल्या मोठ्या मेंढ्यांपैकी सुमारे २८ टक्के आणि कोकरांपैकी सुमारे ३६ टक्के शिकारी प्राण्यांनी मारल्या होत्या. हा काही लहान आकडा नाही. गाईंचं चित्र मात्र वेगळं आहे. २०१५ मध्ये मेलेल्या मोठ्या गुरांपैकी शिकारी प्राण्यांचा वाटा फक्त २.४ टक्के आणि वासरांत ११ टक्के होता. बाकी आजारपण, हवामान, अवघडलेलं बाळंतपण वगैरे. पण ज्याची मेंढी गेली त्याला टक्केवारी सांगून काय उपयोग?

म्हणूनच प्रश्न असा विचारायला हवा, की मारल्याने ते नुकसान खरंच थांबतं का? याबद्दल शास्त्रज्ञांतही एकमत नाही. २०१४ मध्ये वॉशिंग्टन स्टेट विद्यापीठाच्या एका अभ्यासाने सांगितलं की लांडगे मारल्यावर पुढच्या वर्षी नुकसान उलट वाढतं. २०१६ मध्ये दुसऱ्यांनी तोच डेटा वेगळ्या पद्धतीने तपासला आणि उत्तर उलटं आलं. एम-३ चा तास बुडवणाऱ्यांनी नोंद घ्यावी, स्टॅटिस्टिक्सवर जीव अवलंबून असतात!

आपल्या घरचं उदाहरण तर जुन्नरचंच आहे. इथे बिबटे मारले नव्हते, पकडून दुसरीकडे सोडले होते. पण 'शिकारी प्राणी काढून टाका' हा विचार तोच. फेब्रुवारी २००१ पासून २९ बिबटे पकडून सरासरी ३९ किलोमीटर दूरच्या रानात सोडण्यात आले. विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांनी नंतर हिशोब मांडला. १९९३ ते २००१ या काळात त्या भागात माणसांवर वर्षाला सरासरी ४ हल्ले होत. २००१ ते २००३ मध्ये सरासरी गेली १७ वर. गावकऱ्यांना सुरक्षित करायला सुरू केलेल्या उपायाने गावकरीच जास्त जखमी झाले. माझ्या मित्राला मी हे दाखवलं. तो बराच वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "म्हणजे आम्हालाच फसवलं की!"

मग करायचं काय? आयडाहोतच 'वूड रिव्हर' भागात २००८ च्या सुमारास एक प्रयोग सुरू झाला. मेंढपाळ, सरकारी माणसं आणि लांडग्यांच्या बाजूच्या संस्था एकत्र आल्या. राखणीची मोठी कुत्री, रात्री कळपाजवळ माणूस, लखलखते दिवे, आवाज, आणि 'फ्लॅड्री'. फ्लॅड्री म्हणजे दोरीला ओळीने लावलेल्या लाल चिंध्या. पूर्व युरोपातली जुनी युक्ती आहे. वाऱ्यावर चिंध्या फडफडल्या की लांडगा बिचकतो आणि दोरी ओलांडत नाही. काही आठवड्यांनी तो सरावतो, म्हणून ती सारखी हलवावी लागते. सात वर्षांच्या नोंदी २०१७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. राखण नसलेल्या भागात मेंढ्यांचं नुकसान राखण असलेल्या भागाच्या साडेतीन पट होतं. इथे मोजलं काय, तर मेलेल्या मेंढ्या. सेन्सर एकदाचा योग्य जागी बसला! यात कष्ट आहेत, माणूस लागतो, रात्र जागावी लागते. पण आपले धनगर वाघरात मेंढ्या कोंडून, भोवती कुत्री ठेवून हेच तर करत आलेत.

सेट पॉइंट कुणी ठरवायचा?

हे वाचून 'लांडगा आला की निसर्ग आपोआप सुंदर होतो' असं कुणी समजू नका. यलोस्टोनबद्दल तशी गोड गोष्ट फार पसरली आहे. लांडगे आले, एल्क घटले, झाडं वाढली, नद्यासुद्धा बदलल्या. तिथल्या उत्तरेकडच्या कळपातले एल्क १९९० च्या दशकातल्या १९ हजारांवरून २०१३ पर्यंत सुमारे ४ हजारांवर आले हे खरं, पण त्यात अस्वलं, शिकारी माणसं आणि दुष्काळ यांचाही वाटा होता. झाडोरा काही ठिकाणी सावरला, काही ठिकाणी नाही. सत्तर वर्षं बिघडवलेली सिस्टिम एक स्विच दाबून पूर्ववत होत नाही.

माझं म्हणणं त्यामुळे वेगळं आहे. शेतात, गावात, कुरणात माणसाला काहीतरी सेट पॉइंट ठरवावाच लागतो. तिथे नुकसान मोजा, राखण करा, आणि एखादा प्राणी खरोखरच सुधारत नसेल तर कठोरही व्हा. पण वाइल्डरनेसमध्ये 'एल्क इतके हवेत, लांडगे इतकेच चालतील' असा आकडा ठरवणं हाच मुळात पायबंद आहे. त्या कायद्याचा सगळा अर्थ असा, की देशातल्या थोड्याशा जमिनीवर सेट पॉइंट माणसाने ठरवायचा नाही. तिथे एखाद्या वर्षी एल्क कमी झाले तर ती 'एरर' नाही, ते तिथलं रीडिंग आहे.

आणि मेंढपाळावर अन्याय न करता हे जमू शकतं. २०१५ मध्ये आयडाहोतल्याच काही नव्या वाइल्डरनेसच्या कायद्यात अशी सोय केली गेली, की चराईचा परवाना असलेल्याने तो स्वखुशीने परत केला तर त्या जागी तो पुन्हा कुणालाही द्यायचा नाही. असे परवाने सोडणाऱ्यांना खाजगी संस्था मोबदलाही देतात. मेंढपाळाच्या हाती पैसा येतो, रानातून मेंढी खाली उतरते, आणि फोन करायचं कारणच उरत नाही. बंदुकीच्या एका फेरीपेक्षा हा उपाय संथ आहे, पण तो दरवर्षी नव्याने करावा लागत नाही.

आपण सगळे उद्या कशाला ना कशाला कंट्रोल करण्याच्या नोकऱ्या करणार आहोत. कुणी बॉयलर, कुणी ट्रॅफिक, कुणी धरणाचे दरवाजे. तिथे जाताना वर्गात न शिकवलेला एक प्रश्न बरोबर ठेवायला हरकत नाही. कंट्रोलर कसा डिझाइन करायचा, हे आपल्याला येतंच. पण इथे कंट्रोलर बसवायचा की नाही, हे कुणी विचारलंय का? पटलं नसेल तर मेसमध्ये वाद घालायला जरूर या. फक्त येताना मेलेल्या लांडग्यांचे आकडे नकोत, वाचलेल्या मेंढ्यांचे घेऊन या!